ताश्कंदच्या घड्याळाने

तिकिटांच्या दुकानातल्या मुलीने रंगवलेल्या नखाने पडद्यावर टकटक केलं आणि सहज सांगून टाकलं की चार हजार नऊशे किलोमीटर आहे, साडेसहा तास. रिम्मा तेगाय काचेच्या अलीकडे उभी होती. बाजार उठवून तशीच आली होती, म्हणून बोटं गाजराने केशरी झालेली आणि अंगाला लसणाचा वास. तिने विचारलं, साडेसहा काय? तास हो काकू, मुलगी म्हणाली, वारा पाठीशी असला तर थोडे कमीच, येताना जास्त लागतात. आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. रिम्मा मात्र तिथेच राहिली. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं. ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. साडेसहा तास म्हणजे कुयल्यूकच्या बाजारात ती दुकान मांडते तेव्हापासून गाजराची पहिली पाटी तळाला लागते तेवढा वेळ. एवढ्या वेळात तिचे पाय दुखायलासुद्धा लागत नाहीत. एवढ्या वेळात माणूस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, आणि हे कुणी तिला आजवर सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही. झान्नाने, तिच्या मुलीने, नऊ वर्षांपूर्वी तिकडे कोरियात कारखान्यात लागल्यावर फोनवर नक्कीच सांगितलं असणार. पण रिम्माच्या कानात अंतराचं एक वेगळंच माप भरून ठेवलेलं होतं, त्यात दुसरं काही मावत नसे.

ते माप तिच्या आईचं होतं. ओक्सून सात वर्षांची असताना समुद्राकाठच्या गावातून, जिथून कोरिया एका डोंगरापलीकडे होता, सगळ्या कोरियन माणसांना मालगाडीच्या डब्यात घालून ताश्कंदकडे पाठवलं. वरून हुकूम आला होता, कारण कुणी सांगितलं नाही. मग महिना. आई फक्त एवढंच म्हणायची, महिना, आणि तो शब्द उच्चारताना तिचा तळहात आपोआप हळूहळू पुढे सरकायचा, जसा ओट्यावरून पिठाचा ढीग सारावा. लहानपणी रिम्माला वाटायचं की महिना हेच एका जागेचं नाव आहे. पुढे भूगोलाच्या तासाला नकाशावर ताश्कंद आणि तो समुद्र यांच्यामध्ये वीतभर हिरवं-पिवळं दिसलं तेव्हा ती मनात म्हणाली, हाच तो महिना. आणि झान्ना गेली तेव्हा ती त्या महिन्यापलीकडे गेली. तिथून माणसाने परत कसं यायचं? आपण कसं जायचं? झान्ना म्हणायची, आई, ये ना, आणि रिम्मा म्हणायची, बघू गं, लांब आहे. नऊ वर्षं ती लांब आहे लांब आहे म्हणत राहिली, तिच्या मुलीने तिकडे लग्न केलं, मूल झालं, आणि ते लांब म्हणजे गाजराची एक पाटी होती. बाकावर बसल्या बसल्या तिला हसू आलं, आणि मग हसू आल्याची भीती वाटली. एखाद्या मोठ्या डोंगराला आयुष्यभर नमस्कार करावा आणि तो ढग निघावा, तर माणसाने नमस्कार परत कसा घ्यायचा?

घरी येऊन तिने हे केशामामाला सांगितलं. मामा अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली कांद्याची रोपं निवडत बसला होता. इन्नोकेंती त्स्वॉय हे कागदावरचं नाव, पण गल्लीतली मांजरंसुद्धा त्याला केशाच म्हणत असणार. आईचा धाकटा भाऊ, ऐंशी ओलांडलेला, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तेव्हापासून रिम्माकडेच. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोसमापुरत्या घेऊन त्याने कांदे पिकवले. त्याने ऐकलं, हातातलं रोप मांडीवर ठेवलं आणि विचारलं, म्हणजे सकाळचा चहा इथे आणि रात्रीचा तिकडे? हो, रिम्मा म्हणाली. मामा बराच वेळ मांडवाच्या पानांतून वर बघत राहिला. त्या दिशेला काहीही नव्हतं, नुसतं मे महिन्याचं निळं. मग म्हणाला, मग मलाही ने. मामाने कधी कुणाकडे काही मागितलेलं रिम्माला आठवत नव्हतं. पाणीसुद्धा तो स्वतः उठून घेई. त्यामुळे ती लगेच हो म्हणाली, विचार न करता, आणि विचार न केल्याचं फळ चार दिवसांनी फोनवरून आलं.

जायचं होतं ते झान्नाच्या मुलीच्या पहिल्या मेजाला. त्यांच्यात म्हणतात की माणसाला आयुष्याकडून तीन मेजं मिळतात. एक वर्षाचं झाल्यावर, एक लग्नात आणि एक साठीला. पहिलं सगळ्यांत मोठं, कारण पुढची दोन्ही त्याच्यावर उभी. दुपारचे बारा वाजायच्या आत ते मांडायचं, घरातल्या आजीच्या हाताने कुटलेल्या चिकट भाताच्या वड्यांच्या तीन वाट्या ठेवायच्या, समोर तांदूळ, घेवड्याचे दाणे, दोरा, पुस्तक, पेन्सिल, कात्री, आणि बाळाला सोडायचं. ते जे पहिलं उचलेल तसं त्याचं आयुष्य. दोरा उचलला तर दीर्घायुष्य, पुस्तक तर शहाणपण. तांदूळ उचलला तर पोटाची वखवख जन्मभर सुटत नाही म्हणतात, म्हणून आया तांदळाची वाटी मेजाच्या पार पलीकडच्या कडेला सरकवतात आणि देवाला फसवल्यासारख्या निरागस बसतात. ज्याचं पहिलं मेज झालं नाही त्याची साठी करत नाहीत. आणि केशामामाचं झालं नव्हतं. तो वर्षाचा झाला तेव्हा ते डब्यात होते. कुठे होते, कोण जाणे. तो महिना चालूच होता. रिम्माच्या आजीने डब्यातल्या बायकांना बजावलं होतं की तारीख कुणी तोंडातून काढायची नाही. तारीख बोललीच नाही तर दिवस आला असं होत नाही, आणि दिवस आला नाही तर मेज चुकलं असंही होत नाही. सात वर्षांच्या ओक्सूनने एकदा सहज विचारलं, आज किती तारीख, तर थोबाडीत बसली. त्यानंतर आईने उभ्या जन्मात कुणाला तारीख विचारली नाही. पगाराच्या दिवशीसुद्धा शेजारणीच्या तोंडाकडे बघून ओळखायची. नव्या मुलखात उतरल्यावर नोंदणीवाल्याने मामाच्या नावापुढे हाताला येईल ती तारीख टाकली, ती घरात कुणी पाळली नाही. कुणी वय विचारलं की मामा म्हणायचा, मला अजून वर्ष पूर्ण व्हायचंय. लोक हसायचे. मामाही हसायचा.

तर झान्नाचा फोन. पहिल्यांदा ती मामा येतोय म्हणून आनंदाने ओरडली होती. दुसऱ्यांदा तिचा आवाज स्वयंपाकघरात दार लावून बोलल्यासारखा होता. तिची सासू एल्झा कारागांदाहून येऊन तिच्याकडेच राहत होती. आपल्यातलीच, रीतीरिवाजाची पक्की. तिला मामाविषयी कळलं होतं आणि तिचं म्हणणं होतं की ज्याचं स्वतःचं मेज झालेलं नाही असं माणूस बाळाच्या मेजाच्या खोलीत नको. बाकी सगळं करू त्याचं, जेवू घालू, पाय चेपू, पण त्या तासाभरापुरतं खालच्या बागेत बसू दे. रिम्माने विचारलं, तुझं काय म्हणणं? झान्ना म्हणाली, आई, पहिलीच मुलगी आहे गं माझी. आधीची दोन पोटातच गेली. रिम्माला ते माहीत होतं. झान्ना म्हणाली, तूच सांग त्याला. एवढा लांबचा प्रवास आहे, वाटेत निवांत सांग. रिम्मा म्हणाली, सांगते. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की लांब हा शब्द तिचीच लेक तिला परत देत होती, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

सकाळच्या विमानात त्या दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली, मामा खिडकीशी, रिम्मा मध्ये, आणि कडेला मुहब्बत नावाची एक भरदार उझबेक बाई, जी तिकडे बटाट्याच्या वेफरच्या कारखान्यात होती आणि हा तिचा पाचवा फेरा होता, हे तिने पट्टा बांधायच्या आत सांगितलं. तपासणीत रिम्माची कोरी करकरीत कात्री काढून घेतली होती, बाळाच्या मेजासाठी खास घेतलेली. शिपाई म्हणाला होता, मावशी, विमानात काय कापणार? मुहब्बतने ते ऐकून सांगितलं, ताई, तिकडे कच्चा तांदूळसुद्धा काढून घेतात हां, डबा असेल तर इथेच संपवा. रिम्माने मांडीवरची पिशवी आणखी घट्ट धरली. पिशवीत आदल्या संध्याकाळी लाकडी मोगरीने कुटलेल्या वड्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, आणि एका डब्यात मेजाचं बाकी सामान, तांदूळ, घेवडा, दोरा, पेन्सिल. दुकानातल्या वड्यांना चव असते, हात नसतो, हे तिचं म्हणणं. तिच्या दोन्ही खांद्यांत अजून ठणका होता. विमान धावलं, आणि मग धावणं थांबलं, आणि ते उठलं आहे हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही, कारण शरीराखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं, तिकिटाच्या दुकानात झालं होतं तसंच, पण या वेळी ती न असलेली पायरी संपेचना. खाली ताश्कंद तिरपं झालं. कालवे, शाळांची मैदानं, पत्र्याची छपरं, आणि तिने आयुष्यात पायी तुडवलेलं सगळं शहर एका खिडकीच्या कोपऱ्यातून ओघळून गेलं. मामाने कपाळ काचेला टेकवलं होतं. त्याच्या मानेवरच्या सुरकुत्यांमध्ये कांद्याच्या शेताची माती अजून होती की तो रंगच होता, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

मग डोंगर आले. आले म्हणणं चूक, ते होतेच, विमानच त्यांच्यावर गेलं. ती आजवर ज्यांच्याकडे मान वर करून बघत आली होती त्यांचं बर्फ आता खाली पसरलेलं होतं, घडी मोडलेल्या पांढऱ्या चादरीसारखं, आणि त्या घड्यांमधून सावल्या निळ्या वाहत होत्या, आणि कुठेही कुणी नव्हतं. एक घर नाही, एक धूर नाही. तिच्या मनात आलं की हे सगळं असंच इथे असतं, ती बाजारात गाजर किसत असते तेव्हाही, आणि याला कुणी बघावं अशी याची मुळीच इच्छा नसते.   देवळात एकदम घंटा वाजावी आणि आपण कशासाठी आलो होतो तेच विसरावं, तसं तिला झालं. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा होता, त्यावर छोटं विमान, आणि उरलेलं अंतर भराभर कमी होत होतं. चार हजार तीनशे. चार हजार दोनशे. इकडे आईचा तळहात ओट्यावरून सरकत होता. किती थांबे, किती रात्री, थांब्याथांब्याला डब्याच्या दारातून खाली दिलेली मेलेली माणसं, पाण्यासाठी किटली घेऊन पळणारे बाप, आणि सुटलेल्या गाडीमागे राहिलेले. तो सगळा महिना इथून उत्तरेला कुठेतरी रुळांच्या बाजूने अजून पडलेला असेल, आणि ती त्याच्या शेजारून, गरम हातरुमालाने बोटं पुसत चालली होती. एवढं सोपं होतं का हे? की सोपं झालेलं नाहीच, फक्त दुसऱ्यांच्या हाती गेलं, आणि त्या दुसऱ्यांनी दयेने आपल्याला बसू दिलं?

मुहब्बतने मनगटावरचं घड्याळ फिरवलं आणि म्हणाली, मी आत्ताच तिकडचं लावून टाकते, म्हणजे शरीराला सवय होते. चार तास पुढे. मामाने काचेवरून कपाळ काढलं आणि विचारलं की मधले चार तास कुणी घेतले. मुहब्बत हसली, कुणी नाही बाबा, येताना परत देतात. आणि जो येतच नाही त्याचे? मामा म्हणाला.  रिम्माने आपल्या घड्याळाकडे पाहिलं; तिने ते फिरवलं नव्हतं. अकरा वाजून गेले होते. तिकडचे तीन. तिला एकाएकी जाणवलं की दिवस दोन्ही बाजूंनी खचत चालला आहे. पुढून वेळ येऊन भिडतोय आणि मागून विमान ढकलतंय, आणि मध्ये तिला एक वाक्य बोलायचं आहे. निवांत सांग म्हणे. असला निवांतपणा तिने कुठे बघितला नव्हता. मनातल्या मनात तिने ते वाक्य तीन-चार तऱ्हांनी लावून पाहिलं. विनोदाने. मामा, तुझी चैन आहे, बागेत बसायचं. सासूवर ढकलून. ती बाई तशीच आहे. बाळावर ढकलून. प्रत्येक वेळी ते वाक्य भाताच्या वडीसारखं बोटांना चिकटून बसे.

खाली आता वाळवंट होतं, पिवळं, बिनपावलांचं. एक पातळ ढग लागला आणि मामाने तिच्या कोपराला स्पर्श करून दाखवलं. ढगावर विमानाची सावली धावत होती, बोटाएवढी, आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं होतं, पूर्ण, कुठेही न तुटलेलं. आपण आहोत ते, मामा म्हणाला. रिम्मा वाकून बघत राहिली. त्या कड्याच्या बरोबर मध्यभागी ते बसले होते, ती आणि मामा आणि मुहब्बत आणि वड्या, आणि ते रंग त्यांच्याबरोबर वाळवंट ओलांडत चालले होते, कुणाला दाखवायला नव्हे. तिला वाटलं, आता जर हिंमत केली नाही तर पुढे ती कुठून येणार? आणि तिने काचेकडेच बघत सांगितलं, जसं आहे तसं. मामा, झान्नाच्या सासूला वाटतं की तू मेजाच्या खोलीत नसावंस. तुझं झालं नाही म्हणून. तासभर खाली बागेत बसायला सांगितलंय. झान्नाही घाबरलीय, तिची दोन गेलीत.

मामाने सावलीवरून डोळे काढले नाहीत. ढग संपला तेव्हा म्हणाला, बरोबर आहे तिचं. मीही नसतं बसू दिलं.

तू असं कसं म्हणतोस?

अगं, तुझ्या आईच्या साठीला मी कुठे होतो? दारात. तुझ्या साठीला? स्वयंपाकघरात, कलिंगड कापत. कुणी सांगितलं होतं का मला? मामा हसला. दारातून जास्त दिसतं, रिम्मा. आतल्या लोकांना फक्त समोरचं ताट दिसतं.

रिम्माला ते दिसलं, एकदम, आणि सगळंच्या सगळं. आईच्या साठीच्या फोटोत मामा नाही. तिच्या लग्नाच्या फोटोत नाही. झान्नाच्या पहिल्या मेजाला तो अंगणात शेगडी फुंकत होता आणि ती त्याला म्हणाली होती, मामा, तुला ना गर्दीचा कंटाळा. किती वेळा म्हणाली असेल. गर्दीचा कंटाळा असलेला माणूस कांद्याच्या मोसमात चाळीस मजुरांबरोबर गात बसत नाही, हे तिला कळायला ऐंशी वर्षांचा माणूस आणि दहा किलोमीटर उंची लागली. प्रत्येक मेजाच्या वेळी तो स्वतःच उठून उंबऱ्याबाहेर गेला होता, आजीने न बोललेली ती तारीख खिशात घेऊन, कुणाच्या बाळाला तिची झळ लागू नये म्हणून. आणि आता ती त्याला आणखी एका बागेत बसवायला चालली होती. जगाचा एवढा थोरला पसारा खालून सरकत होता, बर्फ, वाळू, नद्यांच्या कोरड्या रेघा, आणि त्यात एका माणसाला बसायला खोली नव्हती. तिला राग आला नाही. राग येण्याइतकं काही लहान उरलं नव्हतं. उलट तिला एक विचित्र मोकळेपणा वाटू लागला, जणू या उंचीवरून घरातला नियमही सावलीएवढाच दिसत होता, खरा, पण बोटाएवढा, आणि त्याच्याभोवतीही ते कडं. दिवस बोलला गेला नाही म्हणून तो आला नाही, असं आजी म्हणाली होती. मग तो कुठेतरी असेलच ना अजून, यायचा राहिलेला? आणि आजच्याएवढा मोडका दिवस कुणाच्या आयुष्यात पुन्हा येणार होता, ज्यातले चार तास कुणाच्याच नावावर नाहीत? अशा फटीतून एक मेज आत सरकवता येत नसेल तर मग कशातून येतं? हे शहाणपण होतं की उंचीने चढलेली धुंदी, ते तिला ठरवता येईना. तिने घड्याळ पाहिलं. बाराला वीस कमी.

ती उठली नाही, फक्त मामासमोरच्या खुर्चीच्या पाठीची कडी सरकवली, घडीचं मेज खाली आलं. मग तिने मांडीवरची पिशवी उघडली. हवाईसुंदरीकडून कागदाचे तीन पेले मागून घेतले. ओलं फडकं सोडलं तेव्हा वाफवलेल्या भाताचा वास तीन रांगांपर्यंत गेला. मुहब्बतने विचारलं, ताई, जेवण येणारच आहे की. रिम्मा म्हणाली, हे जेवण नाही, आमच्या मामाचं पहिलं मेज आहे, राहिलं होतं. मुहब्बतने एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा पेल्यांकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता आपलं मेज बंद करून टाकलं, कोपराला जागा व्हावी म्हणून. मामा मात्र सावरून बसला. रिम्मा, वेडेपणा करू नकोस, त्या पोरीच्या वड्या आहेत. एकदा फोडल्या की तिच्या मेजाला चालायच्या नाहीत. माहीत आहे, रिम्मा म्हणाली. आणि दुपार झाली, तो म्हणाला, हिच्या घड्याळात बघ, साडेतीन वाजून गेलेत.

मेज मी मांडतेय, रिम्मा म्हणाली. माझ्या घड्याळाने.

तिने तीन पेल्यांत वड्या रचल्या. डब्याच्या झाकणात घेवड्याचे दाणे. दोऱ्याचं रीळ, पांढरं. पेन्सिल. पुस्तक म्हणून खुर्चीच्या खिशातलं विमान कंपनीचं मासिक, कारण बाळासाठी घेतलेलं चित्रांचं पुस्तक मोठ्या सामानात गेलं होतं. कात्रीची जागा तिने रिकामी ठेवली. आणि तांदळाची वाटी, हाताला सवय म्हणून, पार पलीकडे, खिडकीच्या कडेला. हे सगळं त्या हातभर मेजावर थरथरत होतं, विमानाच्या पोटातून येणाऱ्या बारीक थरथरीने, आणि पलीकडच्या खिडक्यांतून सरळ आलेलं ऊन प्रत्येक वडीवर बसलं होतं. अशा उन्हात तिने कधी काही मांडलं नव्हतं. या उन्हाच्या आणि मेजाच्या मध्ये काहीच नव्हतं, झाड नाही, छप्पर नाही, धूळ नाही. सूर्याला जर कधी कुणाचं मेज जवळून बघायचं असेल तर ते हेच.

जेवणाची गाडी ढकलत हवाईसुंदरी त्यांच्या रांगेशी आली आणि म्हणाली की मेज मोकळं करा. मुहब्बतने तिला उझबेकमध्ये काहीतरी सांगितलं, मुलगी थांबली, गाडीचा ब्रेक लावला आणि मागच्या प्रवाशांना हाताने थांबवून उभी राहिली.

मामाचा हात उचललेला होता. जाडजूड, नखं तुटलेली, कांद्यांनी करपलेला हात. वर्षाचं मूल विचार न करता झडप घालतं. ऐंशी वर्षांच्या माणसाकडे विचार सोडून काय असतं? हात दोऱ्यावर थांबला. मुहब्बत हळूच म्हणाली, दोरा घ्या बाबा, दोरा. मामाच्या ओठाचा कोपरा हलला. आणखी किती, तो पुटपुटला. हात पेन्सिलीवरून गेला, मासिकावरच्या हसऱ्या बाईवरून गेला, वड्यांवरून गेला. रिम्माला कळलं तो कुठे चाललाय, आणि तिची बोटं त्या वाटीकडे जायला निघाली, आणखी लांब सरकवायला. पण लांब काच होती, आणि काचेपलीकडे वाळवंट. तिने आपले हात मांडीवर आवळून धरले. मामाने सगळं ओलांडून चिमूटभर तांदूळ उचलला आणि तोंडात टाकला.

 दात कमी, तांदूळ कच्चा. तो चावण्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता.

मामा, हे काय केलंस, रिम्मा म्हणाली.

त्या डब्यातल्या पोराने दुसरं काय उचललं असतं? मामाने शांतपणे विचारलं. पुस्तक?

त्याने दुसरी चिमूट घेतली. मग म्हणाला, उद्या त्या पोरीपुढून ही वाटी काढूनच टाक. तिला आता मांडायची गरज नाही. घरातल्या कुणीतरी घ्यायची होती, घेतली.

मुहब्बतने दोन्ही तळहात वर धरले, ओठांत काहीतरी म्हटलं आणि हात चेहऱ्यावरून फिरवले, त्यांच्यात करतात तसं. हवाईसुंदरीनेही, गाडीच्या दांड्यावरचा एक हात सोडून, अर्धवट तसंच केलं. मग रिम्माने वडी मोडली. पहिला तुकडा मामाला, मग मुहब्बतला, मग त्या मुलीला, मग पुढच्या रांगेतून मान वळवून बघणाऱ्या दोन अनोळखी माणसांना, कारण पहिलं मेज झालं की दारावरून जाणाऱ्यालाही रिकामं पाठवत नाहीत, आणि इथे दारावरून जाणारे एवढेच होते. तीन पेले रिकामे व्हायला वेळ लागला नाही. शेवटी तिने स्वतः एक तुकडा घेतला. कुटलेला भात जिभेवर मऊ लागला, नेहमीसारखाच, आणि तिला नवल वाटलं की हा इतका नेहमीसारखा कसा राहिला. मनगटावर बाराला दोन कमी होते.

त्यानंतर दिवस त्यांच्या हातातून वाहून गेला. मामा झोपला, तोंड थोडं उघडं, ओठाला तांदळाचं पीठ. रिम्मा झोपली नाही. ती मामावरून वाकून खिडकीतून बघत राहिली, सूर्य नुसता मावळत नव्हता, तेच त्याच्यापासून पळत होते. दुपार मागे पडली, उन्हं मधासारखी झाली, आणि मग एकदम खाली पाणी होतं. समुद्र. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिच्या आईने पाहिला होता, सात वर्षांची होईपर्यंत रोज, आणि नंतर कधीच नाही. तिला वाटलं होतं तो निळा असेल. तो तांबूस होता, जवळजवळ कातड्याच्या रंगाचा, आणि त्यावर छोट्या छोट्या होड्यांच्या रेघा, आणि काठाला ओल्या चिखलाची मैलच्या मैल चकाकी. पडद्यावरचा आकडा तीनअंकी झाला, दोनअंकी झाला. आईचा तळहात ओट्याच्या कडेला पोचला आणि तिथून खाली काय होतं ते रिम्माला पहिल्यांदाच दिसत होतं. दिवे. अगणित, पायाशी येणारे.  एवढ्याशा वेळात एवढं सगळं आपल्याला कुणी दिलं आणि का दिलं, हे तिला कळत नव्हतं, आणि कळायला हवं असंही वाटत नव्हतं.

चाकं टेकली. सगळ्यांचे फोन एकदम जागे झाले. झान्नाचा संदेश होता, बाहेर उभी आहे, सासूबाईही आल्यात, सांगितलंस ना त्याला?

रिम्माने मामाच्या ओठावरचं पीठ अंगठ्याने पुसलं, त्याला उठवलं, आणि मग लिहिलं: सांगितलं. त्याचं मेज झालं आज सकाळी, बाराच्या आत. मुलीला उद्या मेजावर तोच बसवेल. वड्या संपल्या. घरी फोन करून चिकट तांदूळ भिजत घालायला सांग, पहाटे उठून मी पुन्हा कुटते. खालच्या मजल्यावरच्यांनाही सांगून ठेव, आवाज होईल.